अल्टिमीटरचा चौथा स्क्रू

अप्पा, तुमचं अल्टिमीटर मी देऊन टाकलं. निवृत्त होताना तुम्ही मोडीत निघालेल्या जेट विमानातून आणलेलं, उंची दाखवणारं ते काळं घड्याळ. दर आयुधपूजेला तुम्ही त्याला चंदन-कुंकू लावायचात. तुमच्यामागे मी लावत आले.

मद्रासहून एक गृहस्थ आले होते. म्हणाले, आम्ही काही निवृत्त इंजिनिअर तसलंच एक जुनं जेट दुरुस्त करतोय, पुन्हा उडवणार आहोत. मला खरं वाटलं नाही. हल्ली नव्या विमान कंपन्या निघताहेत आणि जुन्या विमानांच्या वस्तू शोभेसाठी विकल्या जाऊन हॉटेलांच्या भिंतींवर जाताहेत. त्यांनी दारात चपला नीट जोडून ठेवल्या, तेही मला खटकलं. कापी पिऊन त्यांनी अल्टिमीटर उलटं केलं, हवा आत जायच्या भोकातलं वाळलेलं चंदन टाचणीने काढलं आणि हसले, "अम्मा, पूजा करून करून तुम्ही याचा श्वासच कोंडलात!" ते हसणं मला सराईत वाटलं. ते हात धुवायला गेले तेव्हा मागच्या चार स्क्रूंपैकी एक सैल होता, तो काढून मी कुंकवाच्या डबीत टाकला. खरा माणूस असेल तर विचारेल. विकणाऱ्याला कळणारही नाही.

ही परीक्षा तुमचीच. अजून डोळ्यांपुढे आहे, तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मिक्सी जोडताय, आणि शेवटी एक स्क्रू उरतो. आई म्हणते, "राहू द्या, चटणी वाटायची आहे." मीही बटणाकडे हात नेते. तुम्ही ओरडता, "काय गे, कुठला ते कळल्याशिवाय चालू करायचं नाही! विमान असतं तर?"

"विमान नाही, मिक्सी आहे," आई म्हणते.

"मग इडली कोरडी खा."

त्या दिवशी आपण सगळ्यांनी इडली कोरडीच खाल्ली.

काल त्या गृहस्थांचा फोन आला. "अम्मा, एक स्क्रू कमी आहे."

"तुमच्याकडे दुसरा नाही?"

"डबाभर आहेत. पण तो आत पडलाय की तुमच्या घरी राहिलाय, हे कळल्याशिवाय आम्ही हे विमानात बसवणार नाही."

मी म्हटलं, "शोधून बघते." शोधायचं काय होतं? डबी समोरच होती.

आयुधपूजा जवळ आलीय, पूजेच्या पाटावर तुमच्या अल्टिमीटरची जागा रिकामी आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. स्क्रू पाठवायचा आहे, तो अजून डबीतच आहे. ते गृहस्थ खोटे निघावेत असं मला वाटत होतं, अप्पा. मग अल्टिमीटर परत मागता आलं असतं.