भवानीची नोट

सोमवार, दसऱ्याचा दुसरा दिवस, २००३

पोस्टातल्या त्या माणसावरचा माझा राग जात नाही. त्याचा दोष नाही, हेही कळतंय.

दसऱ्याला झेंडूची भवानी झाली की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या पहिल्या नोटेला कुंकू लावायच्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पैशांसोबत तीही पोस्टातल्या खात्यात भरायच्या. काउंटरवरचा कारकून दरवर्षी कुरकुरायचा, "मावशी, नोटा रंगवू नका हो." आई नुसत्या हसायच्या.

यंदा श्रावणात मामंजी गेले. काल पहिलं गिऱ्हाईक झालं, तेव्हा आईंनी नोट कपाळाला टेकवली आणि तशीच पिशवीत ठेवली. कुंकू मी लावू का, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

आज कारकुनाने तीच नोट उलटसुलट करून पाहिली. "वा मावशी, यंदा नोट एकदम स्वच्छ!" मग त्याची नजर वर आईंच्या कपाळाकडे गेली. त्याने पासबुकावर शिक्का मारला आणि मान खाली घातली.

स्वच्छ म्हणे!

येताना मी त्याला नावं ठेवत होते. आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. इतक्या वर्सांत त्याच्या मनासारखी नोट आजच भरली मी."