धाकटीची गाडी आणि माझा डावा पाय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, लोकांना मोटार चालवायला शिकवून पोट भरलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डाव्या पायाची हमी देत नाही, त्याचं पुढे येईलच.

कलम १. राहते घर मुलाला. गच्चीची गळती त्याने आता स्वतः बघावी, मी सतरा वेळा सांगून थकले. बँकेतली ठेव मुलीला, कारण मुलाच्या हातात पैसा टिकत नाही आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

कलम २. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी भंगारात गेली तरी चालेल, पण पलीकडच्या गल्लीतल्या स्कूलवाल्याला देऊ नये. "बाईच्या हाताखाली शिकलेला माणूस गाडी ढकलतच घरी जातो," असं तो बोलला होता. मी विसरलेली नाही.

कलम ३. लाकडी फूटपट्टी. शिकणाऱ्याच्या डाव्या घोट्यावर मी हिने टकटक करायची. "क्लच अर्धा! अर्धा म्हटलं ना!" निम्म्या गावाचे घोटे हिला ओळखतात. ही माझ्या गाडीच्या फिटरला द्यावी असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. कारण शेवटी दिलं आहे.

कलम ४. गाडी. इथवर येऊन मी दोनदा पाणी प्यायले.

ही गाडी मुळात माझी नव्हेच. धाकट्या दिरांनी घेतली होती, ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचच नाही. ती दारात आली त्या दिवशी मी चारचौघांत म्हणाले, "आळशांची गाडी! देवाने पाय दोन दिलेत, त्यातला एक काय शोभेला?" दीर हसले. धाकटी जाऊ हसली नाही. पुढे दीर गेले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लच कायमचा बंद केला आणि मी घरात कोंडून घेतल्यासारखी बसले. तेव्हा धाकटी आली, टेबलावर किल्ली ठेवली. "ताई, मला कुठे चालवता येते? तुम्ही फिरा." मागचं काही उकरून काढलं नाही. मी असते तर काढलं असतं.

वर्ष व्हायच्या आत गाडी चढावर धापा टाकू लागली, गिअर बदलताना हिसके देऊ लागली. फिटर माझाच विद्यार्थी. त्याने गिअरबॉक्सचं तेल मापाच्या सळईवर काढून हुंगलं. लालभडक असायचं ते काळं पडलेलं, जळका वास. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो." चौकापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.

"मावशी, तो डावा पाय तिथे काय करतोय?"

ब्रेकवर होता. क्लच सापडेना म्हणून जे पायाखाली आलं त्यावर टेकून बसला होता, रोज, सगळा वेळ. उजवा पाय गाडी पुढे ढकलतोय, डावा मागे ओढतोय आणि दोघांच्या भांडणात गिअरबॉक्सचं तेल उकळतंय. जन्मभर दुसऱ्यांचे पाय बडवले, स्वतःचा मला दिसला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर लाज गिळली असती. पण त्याच संध्याकाळी धाकटीचा फोन आला, गाडीला काय झालं म्हणून. माझ्या तोंडून निघालं, "जुनाच दोष दिसतोय गं, आधीपासूनचा."

ती म्हणाली, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं हो. ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मोडकी वस्तू बांधली मी तुमच्या गळ्यात."

आणि मी काय म्हणावं? "असू दे. मी मनावर घेत नाही." म्हणजे मी तिला माफ केलं! हे लिहिताना कान गरम झालेत. तेव्हापासून ती माझ्या गाडीत बसत नाही. लेकीकडे जायला दोन बस बदलते, हातात पिशव्या. एकदा ती स्टॉपवर उन्हात उभी दिसली. मी गाडी न थांबवता पुढे नेली.

कलम ५. गाडी धाकटीला परत द्यावी, पण नीट करून. मुलगा म्हणतो, गिअर झटपट पडतील असं काही बसव, रुंद चाकं घाल. काही नको. गाडी पळवायची नाही, टिकवायची आहे. आधी गिअरबॉक्समधल्या जळलेल्या प्लेटा बदलाव्यात, नाहीतर बाकी सगळी वरवरची मलमपट्टी. मग तेलासाठी वेगळा, मोठा कूलर, कारण गिअरबॉक्स मरतो तो तापून. खाली खोल चेंबर, म्हणजे तेल जास्त मावेल, आणि त्यात लोहचुंबक, झिजेचा कीस धरून ठेवायला. नवा फिल्टर, चांगलं तेल. आणि तेल किती तापलं ते दाखवणारा काटा, अगदी डोळ्यांसमोर. हे झाल्यावर फिटरने धाकटीला सांगावं की गाडीत दोष नव्हता.

दुरुस्ती. साक्षीदार म्हणून फिटरला बोलावलं. त्याने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "सही करतो मावशी. पण ते शेवटचं वाक्य मी नाही बोलणार. तुम्ही वर जाणार आणि मी त्यांच्यासमोर उभा राहणार? तुम्हाला तोंड नाही का?"

मग धाकटीला बोलावलं. कागद पुढे केला. ती म्हणाली, "चष्मा विसरले. तुम्हीच वाचा." वाचला. 'मनावर घेत नाही' हेसुद्धा गाळलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे इतके दिवस मी उगाचच खाली मान घालून वावरले?"

उठली आणि गेली. चहा तसाच राहिला. दोन रात्री मला झोप नाही.

आज सकाळी दारात उभी. "किल्ली घ्या. कूलर काय तुम्ही मेल्यावर बसवायचा? चला गॅरेजला." खिळ्याला टांगलेली फूटपट्टी तिनेच काढली, शेजारच्या सीटवर बसली, पट्टी मांडीवर. "माफ केलेलं नाही अजून," म्हणाली. "चालवा." पहिल्याच वळणावर माझ्या डाव्या घोट्यावर टक्‌कन बसली.

सबब कलम ५ मधलं शेवटचं वाक्य रद्द. फूटपट्टी धाकटीला, माझ्या पश्चात नव्हे, आजपासून.

साक्षीदार: १. फिटर (साक्षीदार म्हणून त्याला यातलं काही मिळणार नाही, त्याची तक्रार नाही). २. गॅरेजशेजारच्या शिंपीणबाई. गाडी धाकटीच्या वाट्याला असल्याने तिची सही घेतलेली नाही.

स्थळ: गॅरेजमधला बाक, गाडी वर चढवलेली असताना. वार: बुधवार.

सही: थोरली. सही करताना दोन्ही पाय जमिनीवर आहेत. डाव्यावर लक्ष ठेवायला धाकटी शेजारी बसली आहे.