जोडलेली उपकरणे

४ तारीख, रविवार

अखेर घर मिळाले! तळमजला, दोन खोल्या, लखलखीत पुसलेला ओटा. घरमालकीण वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. किल्ली देताना म्हणाल्या की, काकू म्हण रे, बाई म्हटलंस की वर्गात उभं केल्यासारखं वाटतं. इंटरनेट भाड्यातच आहे. राउटर बाहेरच्या खोलीत, माळ्याच्या खाली भिंतीवर आहे. माळ्याला प्लायवूड ठोकून तो बंद केला आहे. वर जुने सामान आहे म्हणे. काकूंची अट एकच, राउटर बंद करायचा नाही.

भिंती जाड आहेत, त्यामुळे मोबाईलला रेंज नाही. वायफायवर मात्र फोन लागतो. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे माझे काम घरूनच चालते. शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटले नाही, त्यावरच नोकरी लागली. पुढच्या रविवारी धाकटी बहीण राहायला येणार. तिचे नर्सिंगचे कॉलेज जवळ पडेल. आतली खोली तिला. पडदा निळा घ्यावा.

६ तारीख, मंगळवार

नेट फार हळू. फाइली उशिरा गेल्या. ऑफिसातल्या मॅडमनी विचारले की, काय साहेब, कामाच्या वेळेत सिनेमे बघताय का? नेटवाल्याला फोन केला. त्याने राउटरचे पान उघडायला लावले. जोडलेली उपकरणे तीन. लॅपटॉप माझा, फोन माझा. तिसरे बिननावाचे. तो हसून म्हणाला की, शेजारी फुकटे असणार, पासवर्ड बदला. बदलला. तिसरे गेले.

राउटर पुसायला घेतला, तर मागून चिकट लागला. तेलकट बोटांचे ठसे आणि त्यात रुतलेले आखूड केस. फडक्याला शिळ्या तोंडासारखा वास आला. फडके फेकून दिले.

७ तारीख, बुधवार

तिसरे परत आले. पासवर्ड पुन्हा बदलला, चांगला लांबलचक. चहा होईपर्यंत ते पुन्हा हजर. नेटवाला म्हणाला की, राव, पासवर्ड दारावर लिहून ठेवलाय का? मी तो कुठेही लिहिलेला नाही, कोणाला सांगितलेलाही नाही. मग त्याने सिग्नल बघायला सांगितले. शेजाऱ्याचा असता तर कमी दिसला असता. तिसऱ्याचा सिग्नल माझ्या फोनपेक्षा जास्त आहे. मी राउटरपासून दोन हातांवर बसलो होतो. नेटवाला म्हणाला की, मशीन बिघडलं असेल.

राउटरचे दिवे अंधुक दिसत होते. त्यांवर वाळलेली लाळ होती. कोणीतरी ते चाटले होते. आज जेवण गेले नाही.

८ तारीख, गुरुवार

कळले. टाइप करताना मी अक्षर न् अक्षर मोठ्याने म्हणतो. धाकटी नेहमी चिडवते की, दादा, कामाला बसलायस की बाळाला बाराखडी शिकवतोयस? पासवर्डही मी तसाच टाकत होतो. ऐकणारे ऐकत होते.

आज तोंडात रुमाल कोंबून नवा पासवर्ड टाकला. तिसरे आले नाही.

दुपारी प्लायवूडला घाम सुटला. एक थेंब कीबोर्डवर पडला, दाट, पिवळा, कोमट. साबण संपेपर्यंत हात धुतले. तेवढ्यात काकूंचा फोन आला, चिडलेल्या होत्या. वायफायला काय केलंस, तो मग त्रास देतो, म्हणाल्या. कोण तो, असे विचारले. म्हणाल्या की, कोणी नाही रे, मला त्रास होतो म्हटलं. आणि फोन ठेवला.

९ तारीख, शुक्रवार

सकाळपासून माळ्यावरून आवाज येतो आहे. जुन्या पासवर्डची अक्षरे, एकेक करून. आवाज माझा. माझे खाकरणे, माझे अडखळणे, सगळे माझे. दोन अक्षरांमध्ये चोखल्यासारखे काहीतरी. मी मोरीत दोनदा ओकलो.

धाकटीला मेसेज केला की येऊ नकोस. पोचला नाही. फोन बंद लागतो आहे. तिच्याकडे हाच पत्ता आहे. मी निघून गेलो आणि ती थेट इथे आली तर? तिच्याशी बोलणे झाल्याशिवाय हलता येत नाही.

संध्याकाळी प्लायवूडचा एक स्क्रू खाली पडला. मग दुसरा. मी हरलो. वर बघून नवा पासवर्ड म्हणून दाखवला. सावकाश, स्पष्ट.

एकदम शांत. जोडलेली उपकरणे तीन.

१० तारीख, शनिवार

प्लायवूड उघडे आहे. वर कोणी नाही. गाद्या, केस, काहीतरी ओले —

मोरीला आतून कडी लावून हात धुतो आहे. वास जात नाही. वही सोबत ठेवतो, बाहेर ठेवली की पाने चिकटतात.

फोन बघितला. उपकरणे चार.

चौथ्याला नाव आहे. ते मीच तिच्या फोनला दिले होते. एक दिवस आधीच आली. पासवर्ड तिला कोणी —

बाहेरच्या खोलीत माझा आवाज. एकेक अक्षर सांगतो आहे. ती हसते आहे. दादा, तोंडात काय धरलंयस, नीट बोल ना, आणि अंधारात का उभा आहेस, म्हणते आहे.

ओरडलो. मी इकडे आहे, बाहेर पळ, म्हणून ओरडलो. हसणे थांबले. माझा आवाज तिला सांगतो आहे की, घाबरू नकोस, तो भाडेकरू आहे, त्याचं डोकं फिरलंय.

जातो. कडी बाहेरूनही कोणीतरी धरली आहे. फटीतून ओले, गरम बोटांसारखे —