एकेचाळीस झाडं आणि तीन आकडे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला. उठताना पलंगाच्या कडेला डोकं आपटलं, त्यामुळे आशीर्वाद जरा जास्तीचा पाठव.) ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी तुला करमत नाही हे ऐकलं, पण तिचं ऐकत जा, हट्टाला ती वहिनीवर गेली आहे. माझी तब्येत ठीक. जेवण जातं, झोप तेवढी येत नाही. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला "मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि या वेळी मुद्द्यावर यायला माझे पाय तयार नाहीत.

तर, उद्यान खात्यात चौदा वर्षं काढूनही मला झाडातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला ठाऊक आहेच. माझं काम संगणकावरचं. बागेच्या खालच्या अंगाने सायकलींचा रस्ता करायचं ठरलं आणि कोणत्या झाडांना हात लावायचा नाही, त्याची यादी ठेकेदाराकडे धाडायची होती. गेलेल्या माणसांच्या आठवणीत लोकांनी लावलेली झाडं एकेचाळीस. त्यांच्यावर नावाच्या पाट्या नाहीत (पाट्यांनी बाग दुकानासारखी दिसते, असं साहेबांचं मत). झाडाची ओळख म्हणजे आमच्या संगणकातले दोन आकडे, उत्तरेकडे किती आणि पूर्वेकडे किती. दशांशचिन्हानंतर सहा स्थळं, म्हणजे अर्ध्या वितीपर्यंत नेमकी जागा. अशी यादी पाठवण्याआधी एक आराखडा लिहावा लागतो. आम्ही त्याला स्कीमा म्हणतो. कुठल्या रकान्यात अक्षरं, कुठल्यात आकडा, आणि आकडा किती बारीक धरायचा, ते त्यात असतं. लेथवर काम घेण्याआधी तू ड्रॉइंगवर मापं बघायचास, तसंच. तो आराखडा मी लिहिला. साहेब म्हणाले, आकड्यांची शेपटं कागदाबाहेर जातात. मी लिहिलं, दशांशानंतर तीन. झालं! संगणकाने एकेचाळीस झाडांची शेपटं छाटली आणि हूं की चूं केलं नाही. वर हिरवी खूण दाखवली. चूक दाखवणार कशी? नियमच चुकीचा होता आणि त्या नियमाबरहुकूम सगळं बिनचूक होतं. मी खूश होऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

तीनच स्थळं ठेवली की झाड सत्तर-ऐंशी पावलं इकडचं तिकडे होतं. त्यात ही झाडं एका रांगेत, जवळजवळ लावलेली. त्यामुळे एकेचाळीसच्या एकेचाळीस झाडं नकाशावर एकाच बिंदूवर जाऊन उभी राहिली, आणि त्या बिंदूवर सार्वजनिक मुतारी आहे. ठेकेदार शब्दाचा पक्का निघाला. त्याने मुतारीभोवती लाल फीत बांधली, पहारेकरी बसवला, रस्त्याला वळण दिलं आणि माणसांना बजावलं की इथल्या पानालाही धक्का लागता कामा नये. (तिथे पान एकच आहे, गळक्या नळाखाली उगवलेल्या कसल्याशा रोपाचं. ते सुखरूप आहे.) मग फितीबाहेरचं सगळं त्याने एका दिवसात साफ केलं. कचेरीत दोन दिवस सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझा मुलगा कुठे गेला हो?" ती झाडाचंच विचारत होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

दादा, वहिनीचं झाड त्याच रांगेत होतं. आलो मुद्द्यावर. झाडं तुटून सव्वीस दिवस झाले. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या, नापास झालो तेव्हा तुझ्यापासून महिनाभर लपवलं, तिचं झाड माझ्या एका ओळीने गेलं. मी खूप रडलो. जुन्या नोंदीत खरे आकडे सापडतील म्हणून धावलो, तर यादी गेल्यावर जुनी नोंद पुसायची हा नियम, आणि ती मीच वेळेवर पुसलेली. (नोकरीत वेळेवर केलेलं हे माझं एकमेव काम.) साहेबांनी तोडगा काढला की प्रत्येक आकड्यापुढे तीन शून्यं जोडा, पुन्हा सहा होतील. जोडली. रकाना छान भरलेला दिसतो.

तू काय बोलशील ते ऐकून घेईन. लेकीला हे पत्र दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा अपराधी,
धाकटा

ता. क. दर रविवारी तू फोनवर विचारायचास, पाणी घातलंस का, आणि मी हो म्हणायचो. तेव्हा मी घरी पडून असायचो. "दोन नवी पानं आली" हेही मनाचंच होतं. झाडं तुटल्यावर मी पहिल्यांदा तिकडे गेलो, त्यामुळे तिचं कुठलं ते मला माहीत नाही.

आणखी ता. क. खुंट अजून जमिनीत आहेत. ज्याची ओळख पटेल तो राहू देतो, असं ठेकेदार म्हणाला. दिव्याच्या खांबाजवळ होतं, असं तू एकदा म्हणाला होतास. तिथे दोन खुंट आहेत, मनगटाएवढे. तू टेप लावून खांबापासून मोजलं असणारच, मोजल्याशिवाय तू खिळाही ठोकत नाहीस. ते माप कळव. हे पत्र खरं त्यासाठीच आहे.

शेवटचा ता. क. तेवीस दिवस दोन्ही खुंटांना पाणी घालतो आहे. काल खांबाच्या डावीकडच्या खुंटाला कोंब आला. तो खांबापासून दोन मीटर बत्तीसवर आहे, दुसरा तीन मीटर पाचवर. तुझं माप दुसऱ्याचं निघालं, तर दादा, या एकदाच, आकडा जरा गोल करून लिही.