‘औषद’ लिहिणाऱ्या मुलाच्या आईचे मृत्युपत्र

मी, बेबीताई उकंडा मनवर, वय ६९, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये बसून स्वतः टाइप करीत आहे. नजर अधू झाली आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतके जवळ आता फारसे कोणी येतही नाही.

१. एसटी स्टँडमागचे घर, खालच्या क्लाससह, माझी मुलगी पायल हिला एकटीला द्यावे. खटल्यानंतर तिची ठरलेली सोयरीक मोडली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

२. मुलगा राजदीप अमरावतीच्या तुरुंगात आहे. त्याला मालकीहक्काने काहीही देत नाही. कारण इथेच लिहिते, म्हणजे पुढे कोणी पायलला विचारणार नाही.

राजदीप आणि त्याचा भागीदार आयुष फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यात बंदी असलेले जहर भरत आणि वर सौम्य औषधाचे लेबल लावून विकत. आपसातले निरोप गुप्त राहावेत म्हणून राजदीपने युक्ती काढली. क्लासमध्ये आम्ही शिकवतो त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे आणि तेच फोनवर पाठवायचे. फोनवर तो फॉन्ट नसतो, त्यामुळे इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. आयुष तो संगणकावर घेऊन फॉन्ट बदलून वाचायचा. हे कुलूप कोणालाच उघडणार नाही, असे त्या दोघांना वाटले. या जिल्ह्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत त्याची किल्ली पडलेली होती.

अशाच एका बाटलीतले औषध फवारून तांड्यावरचा सेवादास राठोड यवतमाळच्या दवाखान्यात तडफडून मेला. आयुष बाटल्यांसह सापडला. फोन बिघडला म्हणून कचरा येत होता, असे तो सांगत राहिला. ठाण्यातल्या एका शिपायाला ती अक्षरे टायपिंगची वाटली. ठाण्यात तो फॉन्ट नव्हता, म्हणून साहेब माझ्याकडे आले. निरोप आले तो नंबर भलत्याच्याच नावावर होता, त्यामुळे पाठवणारा कोण, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

“मॅडम, मोठ्यानं वाचा. हा शिपाई लिहून घेईल,” साहेब म्हणाले.

मी फॉन्ट बदलला आणि वाचू लागले. दुसऱ्याच ओळीत ‘औषद’ आले. राजदीपने लहानपणापासून औषध कधी नीट लिहिले नाही. मी त्याच्या हातावर पट्टी मारली, शंभरदा लिहून घेतले, तरी त्याचे औषद ते औषदच. माझी जीभ अडखळली. साहेबांनी पाणी मागवले. तेवढ्या वेळात मी ‘पुढचं लागत नाही’ म्हणू शकले असते.

मी पुढे वाचले. “एका मानसाले उलट्या झाल्या. औषद परत आनू नको, विकून टाक.” हा निरोप सेवादासने बाटली विकत घेण्याच्या आदल्या दिवशीचा होता.

मग मीच सांगितले, “साहेब, हे माझ्या पोराचं लिहिणं आहे.”

३. नदीकडचे दीड एकर शेत सेवादासची पत्नी बसंतीबाई हिला द्यावे. ही भरपाई नव्हे. मी तिला भेटायला तांड्यावर गेले होते. तिने बस म्हटले नाही. उभ्यानेच म्हणाली, “तू वाचलं म्हून कळलं. पन लिवलं तुह्याच पोट्ट्यानं.” तिने शेत नाकारले तर तिच्या मुलींना द्यावे.

४. क्लासमधली टायपिंगची यंत्रे भंगारात घालावीत. आठवण म्हणून एकही ठेवू नये.

५. माझे दीर बापूजी यांनी भरल्या विहारात मला ‘पोरगा खाणारी’ म्हटले. त्यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. जेवायला मात्र बसवावे, त्यांना साखरेचा त्रास आहे, उपाशी ठेवू नये.

६. राजदीप सुटल्यावर त्याला मागच्या खोलीत हयातभर राहू द्यावे. पायलने जेवणाचे ताट द्यावे. बोलावे की नाही, हे तिचे तिने ठरवावे.

७. तुरुंगातल्या एकुलत्या एका भेटीत राजदीप जाळीपलीकडून म्हणाला, “माय, तू थांबली काहून नाही? कोनाले समजलं असतं?”

मी म्हटले, “मले समजलं होतं ना, बाप्पा.”

तो उठून गेला. त्यानंतर त्याने भेट नाकारली. तरी मी गेल्यावर त्याला अंत्यविधीसाठी सोडावे म्हणून पायलने अर्ज करावा. येणार नाही म्हणाला तरी करावा. अर्जात आईचे नाव पूर्ण लिहावे. संध्याकाळपर्यंत त्याची वाट पाहावी. नंतर अग्नी पायलने द्यावा.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) बेबीताई उकंडा मनवर

साक्षीदार:
१. (सही) जया खडसे, शेजारीण, दिग्रस
२. (सही) अमर भगत, माजी विद्यार्थी, दिग्रस

ठिकाण: दिग्रस
दिनांक: ११ डिसेंबर २०२४