आवडीबाईंच्या बांधावरची चाकाची खूण

प्रति,
मा. मार्ग अधिकारी,
डोंगर सायकल मार्ग देखभाल समिती,
पळसदरी, ता. कर्जत, जि. रायगड.

अर्जदार : तस्लीम मकसूद बुबेरे, रा. नेरळ.

विषय : जप्त केलेली जुनी सायकल भंगारात न काढता परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या गेटवर लावलेली दि. १४ नोव्हेंबर २०२५ ची नोटीस.

महोदय,

१. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझ्याकडे १९९१ सालची पोलादी सांगाड्याची डोंगरी सायकल आहे. तिला ना शॉकॲब्सॉर्बर आहेत, ना डिस्कब्रेक. रबरी गुटके रिमला घासतात आणि ती थांबते. नेरळच्या आमच्या दुकानात माझे वडील मकसूदभाई यांनी तिचा गंज काढून, जुने भाग शोधून ती पुन्हा उभी केली. आता त्यांना सायकल चालवता येत नाही. मी चालवते, आणि कोणत्या वळणावर ती कशी वागली हे घरी येऊन त्यांना सांगते. आपला मार्ग नव्या, जाड टायरच्या सायकलींसाठी बांधला आहे हे मान्य. म्हणून मी हळू उतरते. हळू उतरणे हा नियमभंग नाही.

२. नोटिशीनुसार मी मार्ग सोडून ठाकूरवाडीतील आवडीबाई खंडवी यांच्या शेतात सायकल घातली व त्यांचा बांध फोडला. पुरावा टायरच्या खुणेचा. अशी नक्षी मार्गावर येणाऱ्या दुसऱ्या कोणत्याच सायकलला नाही, असे त्यात म्हटले आहे. ३० नोव्हेंबरनंतर सायकल भंगारात जाणार आहे. जप्तीच्या वेळी मार्गाचे मुकादम संतोष सर्वांसमोर म्हणाले, "म्याडम, म्हातारी झाली ती. नव्या रस्त्याला जुमानत नाय. द्या सोडून!" याच संतोष यांनी त्यापूर्वी ती विकत मागितली होती. तेव्हापासून माझा त्यांच्यावर संशय आहे. तो मी लपवला असे पुढे कोणी म्हणू नये, म्हणून इथेच नोंदवते.

३. संशय आवडीबाईंवरही होता, कारण तक्रारीवर त्यांचा अंगठा आहे. मी त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "अगं बाय, मी कुठं तुजं नाव घेतलं? मुकादम म्हनला, खून त्या बाईच्या सायकलची हाय, लाव आंगठा. मी लावला. पन मला सांग गं, तुजी सायकल माती खाती का? आख्खा बांध गेला कुठं?"

नोटिशीत याचे उत्तर नाही. सायकलने बांध फुटला असता तर माती तिथेच पडली असती.

४. आवडीबाईंच्या परवानगीने मी खुणा पाहिल्या. खूण माझ्याच टायरची आहे, हे स्पष्ट लिहिते. नक्षीतल्या तीन गाठी झिजून सपाट झालेल्या आहेत, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती सपाट जागा पुन्हा उमटते. आपल्या मोठ्या उतारावर मागचा ब्रेक अडकून चाक घसटत गेले होते, तेव्हाची ती झीज आहे. परंतु तो टायर मी मे महिन्यात काढला आणि 'जुने भाग येथे टाका' अशी पाटी असलेल्या आपल्याच पेटीत टाकला. जप्त सायकलला नवे टायर आहेत. चाक एकदा फिरवून पाहिले असते तरी हे दिसले असते.

५. वळणावर सायकलच्या मागच्या चाकाची रेषा पुढच्या चाकापासून वेगळी होते. त्या शेतातली एकही रेषा तशी फुटलेली नाही. रेषा जिथे थांबते तिथे दोन्ही बाजूंना एकेक खड्डा आहे. माझ्या सायकलला स्टँड नाही, आणि असता तरी दोन खड्डे पडले नसते. एक चाक आणि दोन पाय असलेली वस्तू आपल्याच मार्गावर आहे: अरुंद वाटेसाठी सायकलचे जुने चाक बसवून वेल्डिंग केलेला, माती वाहण्याचा हातगाडा. बांधाकडे जाणाऱ्या रेषा उथळ आहेत, परतणाऱ्या खोल. त्या खोल रेषा मार्गावरच्या नव्या, उंच केलेल्या वळणापाशी संपतात. त्या वळणाच्या मातीत भाताची धसकटे आहेत. आजूबाजूच्या डोंगरात भातशेती नाही.

६. मी फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडा जागेवर नव्हता. विचारले असता संतोष म्हणाले, "कसला गाडा? हितं गाडा कदी नव्हताच." जप्त सायकल ठेवलेल्या आपल्या शेडजवळ तो उभा असायचा, तिथले गवत पिवळे पडले आहे. माती आणण्यास त्यांना कोणी सांगितले, हे मला ठाऊक नाही. गाडा आता शेडमध्येच असावा, आणि शेडची किल्ली नोटिशीप्रमाणे आपल्याकडे असते, त्यामुळे मला आपलाही विचार करावा लागतो. हे मी पूर्ण आदराने लिहीत आहे.

७. तरी सायकल मुदतीपूर्वी परत मिळावी, गाडा आहे त्या टायरसह हजर करावा, आणि त्या वळणाची माती आवडीबाईंच्या बांधावर परत घालावी.

८. शेडमध्ये जुना टायर माझ्या सायकलवर आणि नवा गाड्यावर चढवला जाईल, अशी मला भीती आहे. म्हणून कळवते. दुसऱ्या दुकानात टायर बदलला गेला तर ओळखता यावा, यासाठी टायर बसवताना ट्यूबखाली आतल्या बाजूने एक खूण करण्याची आमच्या दुकानाची पद्धत आहे. कोणता टायर, कधी आणि कोणत्या चाकावर बसवला, हे माझे वडील तिच्यावरून सांगतात. जप्त सायकलच्या दोन्ही टायरांत ती खूण आहे. गाड्याच्या टायरातही असणार. ती कशी असते हे मी या अर्जात लिहीत नाही. टायर माझ्या वडिलांसमोर उघडावेत. त्यांना घेऊन मी येत्या रविवारी सकाळी गेटवर हजर राहीन.

आपल्या उत्तराची, आणि त्याहून अधिक सायकलची वाट पाहणारी,

तस्लीम मकसूद बुबेरे
नेरळ, दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. खुणांचे व पिवळ्या गवताचे फोटो.
२. वळणाच्या मातीतील भाताचे धसकट, पाकिटात.
३. आवडीबाई खंडवी यांचे म्हणणे, अंगठ्यासह. (या वेळी मजकूर आधी वाचून दाखवला आहे.)