अहर्गण आणि अडॅप्टर

२ डिसेंबर १९९७
घरमालक कृष्णमूर्ती यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवीत आहे. इसम सज्जन. रोज जेवणाआधी माझ्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळतो. पण ‘स्वल्प’ या शब्दावर त्याने चालवलेला अत्याचार असह्य! स्वल्प थांबा, नळाला पाणी येईल, म्हणाला. डोक्याला साबण लावून मी अर्धा तास उभा. पाठशाळेत आम्हाला स्वल्प म्हणजे थोडे असे शिकवले होते. बंगलोरला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.
संध्या हसून हसून दमली. बायकोने इतकं हसू नये.

४ डिसेंबर
माझ्या जुन्या तिथीच्या प्रोग्रामला ऑफिसात पुन्हा मागणी! नव्या कॅलेंडरमध्ये बसवायचाय. पण नवं कॅलेंडर देतं इंग्रजी तारीख, आणि माझा प्रोग्राम मागतो अहर्गण — युगारंभापासून मोजलेले दिवस. दोघंही हट्टी. नागपूरहून आलेली शाल्मली म्हणाली, ‘सर, तुमच्या कोडला हात नको. मध्ये अडॅप्टर लिहिते.’ म्हणजे एक छोटासा क्लास, कोडचाच वेगळा तुकडा. कॅलेंडर त्याला आपल्या पद्धतीने विचारणार, तो तारखेचा अहर्गण करून माझ्या प्रोग्रामला देणार, आलेली तिथी बाहेर पोचवणार. सोज्वळ मध्यस्थ.
मग तिने विचारलं, एका ओळीत एक दिवस वजा का केलाय? म्हटलं, ही गुरुमुखातली विद्या, आधी दक्षिणा आण.
‘राहू दे सर. उत्तर बरोबर येतंय ना? मग आत बघायचं कशाला!’

५ डिसेंबर
सकाळी कंपनीच्या बसमध्ये डोळा लागला. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर धुकं होतं, स्वप्नातही धुकंच. त्यात एक दार. अलीकडे माणसं तारखा घेऊन उभी. पलीकडे मी, पाठमोरा, दिवस मोजत बसलेला. दारात कुणी बाई — बाहेरचं ऐकते, वळून मला हळूच सांगते, माझं उत्तर बाहेर नेते. चेहरा दिसेना. हातातल्या पाटल्या तेवढ्या वाजत होत्या. उठावंसं वाटेना.

८ डिसेंबर
जोडलं! वर्षभराच्या तिथी बिनचूक. माझी एकही ओळ बदलली नाही. शाल्मलीने सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

९ डिसेंबर
यशवंतपूरला मित्राच्या, उल्हासच्या मुलीचं लग्न. कुणी समोरून आलं की संध्या कानाशी — ‘दयानंद. हुबळीचे. मागच्या वर्षी घरी जेवायला होते.’
मी मोठ्याने, ‘या दयानंदराव! हुबळी काय म्हणते?’
माणूस खूश. म्हणाला, ‘पाठांतर केलेली माणसं तुम्ही. तुमच्यासारखी स्मरणशक्ती पाहिजे!’
संध्याने हात मागे घेतला. पाटल्या वाजल्या.

१२ डिसेंबर
संध्या परवा पुण्याला गेली, बहिणीकडे.
आज फाटकाशी खालचे गृहस्थ भेटले. डावाला येताय ना, विचारत होते. हाक मारायला तोंड उघडलं — नाव नाही. स्वल्प आठवलं, साबण आठवला. नाव नाही. हसून वर आलो, हीच वही मागे चाळली. कृष्णमूर्ती.

१३ डिसेंबर
तो एक दिवस का वजा केला, मला आठवत नाही. बरंच काही आठवत नाही. संध्याला कधीचंच कळलंय, आणि आम्ही दोघं त्यावर बोलत नाही. मला भीती वाटते.